न उभारलेले चार खांब

विजापूरला गेलेला पर्यटक आधी गोलघुमट गाठतो. वरच्या सज्जात हाका मारतो, प्रतिध्वनी ऐकतो, खाली उतरतो. मग वेळ उरला तर जामा मशीद. तिथेही पावले थेट मेहराबीकडे, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे वळतात. मुहम्मद आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६३६ मध्ये, तिच्यावर सोन्याचे आणि रंगांचे काम झाले. तिचा फोटो निघाला की मशीद ‘पाहून झाली’.

त्याच मेहराबीसमोरची मोकळी जागा कुणी पाहत नाही. पहिल्या अली आदिलशहाने १५७० च्या दशकात बांधायला घेतलेल्या या मशिदीचे दालन ९ खण रुंद आणि ५ खण खोल आहे. म्हणजे ४५ खण. पण मधल्या ९ खणांत जे ४ खांब यायला हवेत, ते नाहीत. ते पडले नाहीत, कुणी पाडलेही नाहीत. बांधणाऱ्याने ते उभारलेच नाहीत. त्यामुळे नमाजाला मेहराबीसमोर अखंड जागा मिळाली आणि नेमक्या त्याच जागेवर मोठा घुमट चढवला गेला.

मग त्याचा भार गेला कुठे? मान वर केली की उत्तर दिसते. कडेच्या खांबांवरून ८ कमानी आत झुकतात आणि एकमेकींना छेदतात. त्यांची अष्टकोनी चांदणी होते. खालचा चौक रुंदच राहतो, वरचे तोंड तेवढे आवळले जाते आणि त्यावर घुमट बसतो. घुमट बाहेर रेटतो. आत झुकलेले हे जड बांधकाम तो रेटा अडवते. पुढे गोलघुमटात हीच रचना कितीतरी मोठ्या मापाने उभी राहिली. तिथे बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा घुमट आहे आणि आत एकही खांब नाही. म्हणजे ज्या घुमटाखाली आपण हाका मारून आलो, तो कसा उभा आहे हे इथे कळते. नेमके इथेच आपण थांबत नाही.

दोष केवळ पर्यटकाचा नाही. राजा, साल, लांबी-रुंदी आणि सोने एवढे सांगून बहुतेक गाइड मोकळे होतात. शाळेच्या सहलीतही वहीत एवढेच उतरते. गाइडने आणि शिक्षकांनी एक साधी गोष्ट करावी. मुलांना आधी खांब मोजायला लावावेत आणि चार कमी का भरतात, हे त्यांनाच शोधू द्यावे.

मेहराबीवरचे सोने मशिदीचे काम सुरू झाल्यावर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने आले. चार खांब गाळायचे धाडस मात्र पहिल्याच आराखड्यात करावे लागले. वास्तुकलेचे कौतुक करायचे असेल, तर पहिला मान त्या धाडसाचा आहे.