बाकावरचा शेजारी



गेल्या पंधरवड्यात मार्केट यार्डातील भुसार विभागातल्या एका परिचित पेढीवर जाण्याचा योग आला. निमित्त मुदत ठेवीच्या नूतनीकरणाचे होते. पण चहा येईपर्यंत विषय नातवाच्या शाळेवर गेला. सूनबाईंना मुलगा कॉन्व्हेंटमध्येच घालायचा आहे. शेठजी स्वतः महापालिकेच्या शाळेत शिकलेले. "साहेब, पाद्र्यांच्या शाळेत पोरगा णमोकार विसरेल," हे त्यांचे म्हणणे. "काका, इंग्रजी आलं नाही तर उद्या साधी नोटीसही दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागेल," हे सूनबाईंचे.

शेठजींची भीती मला फारशी पटली नाही. कॅम्पातील सेंट व्हिन्सेंट्स १८६७ सालची. पुण्याच्या कॉन्व्हेंट शाळांतून हिंदू, पारशी, मुस्लिम, जैन अशा सर्वांची मुले पिढ्यान्‌पिढ्या शिकत आली आहेत. शिवाय राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीविना मुलाला धार्मिक शिक्षण वा उपासना सक्तीची करता येत नाही. खरी अडचण येते ती वर्गातल्या वाढदिवसाच्या केकची. त्यात अंडे असते की नाही, हे बाईंना पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. अर्थात सरकारी शाळेतही हा प्रश्न सुटत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये शासनाने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले, न खाणाऱ्यांसाठी फळ ठेवले, तेव्हा आपल्या समाजातून किती निवेदने गेली, हे वाचकांना आठवत असेल.

सूनबाईंच्या म्हणण्यात अधिक तथ्य आहे. इंग्रजी दिवसभर कानांवर पडल्याने येते, हे खरेच. पण एक गोष्ट अनेक पालकांच्या ध्यानात येत नाही. पुण्यातल्या कित्येक जुन्या कॉन्व्हेंट शाळा राज्य मंडळाच्याच आहेत. तिथला मुलगा आणि महापालिकेच्या शाळेतला मुलगा दहावीला एकाच मंडळाची परीक्षा देतात. (आपल्याकडे ज्या शाळांच्या पाटीवर 'पब्लिक स्कूल' लिहिलेले असते, त्या बहुधा सर्वांत महाग आणि सर्वांत कमी 'पब्लिक' असतात, हा निराळाच विनोद.)

दुसरे असे की, घरात मारवाडी, रस्त्यावर मराठी आणि वर्गात इंग्रजी अशा स्थितीत पहिली दोन-तीन वर्षे मुलाजवळ कुणीतरी रोज बसावे लागते. माझ्या मुलीला मी हौसेने कॉन्व्हेंटमध्ये घातले. शाखेतला हिशेब जुळवून घरी परतायला मला रात्रीचे आठ वाजत. ती श्रुतलेखनाची वही पुढ्यात घेऊन रडवेली बसलेली असे आणि मी थकल्याचे निमित्त सांगून जेवायला बसत असे. त्यात शाळेचा दोष काहीच नव्हता. तिचे इंग्रजी पुढे उत्तम झाले. पण आजीने लिहिलेली पत्रे आजही ती मला फोनवरून वाचून दाखवायला सांगते.

हे बोलणे चालू असतानाच एक वृद्ध तोलणार दुकानात डोकावला आणि शेठजींना म्हणाला, "काय रे, आज लवकर आलास?" यार्डात शेठजींना 'अरे' म्हणणारा हा एकच माणूस. दोघे महापालिकेच्या शाळेत एका बाकावर बसत. तोलणार गेल्यावर मी विचारले, "नातवाला असा कोण भेटेल?" शेठजी गप्प झाले.

शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी ठेवल्या. परंतु ६ मे २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्यातून वगळल्या. म्हणजे त्या दाराने हमालाचा मुलगा कॉन्व्हेंटच्या वर्गात येत नाही. संस्थेने आपणहून घेतला तरच येतो. आणि त्याच वर्षी, २७ जानेवारीला, केंद्राने जैन समाजालाही अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. शाळा स्थापन करून चालवण्याचा जो अधिकार कॅथलिकांना आहे, तोच आता आपल्यालाही आहे. त्यांनी तो वापरून अशा शाळा उभारल्या की आपण त्यांच्या फाटकाशी रांग लावतो. आपण किती उभारल्या? चिंचवडचे फत्तेचंद जैन विद्यालय आहे, आणखीही काही आहेत. पण ज्या बाजारात एका चातुर्मासात एवढी बोली लागते, तिथे हा आकडा मला तोकडा वाटतो. ज्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली, ते कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुटुंबातलेच होते.

मी सूनबाईंना इतकेच सुचवले की, फॉर्म भरण्यापूर्वी सहकारनगरजवळ शिवदर्शनमध्ये महापालिकेची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, ती आत जाऊन एकदा पाहावी. वर्गात अर्धा तास बसता आले तर बसावे. माझा नातू असता तर मी तिकडेच कौल दिला असता. माझ्या मुलीने मात्र तो मानला नसता, हेही मी कबूल केले.

सूनबाई शाळा पाहून आल्या. शिक्षिका आवडल्या, पण वर्गातली गर्दी आवडली नाही. फॉर्म कॉन्व्हेंटचाच भरला गेला. शेठजींनी एकच अट घातली: दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत नातू रोज सकाळी पेढीवर येईल आणि तोलणारांच्या नातवाबरोबर काट्यापाशी बसेल. मग मला बाजूला घेऊन विचारले, "साहेब, फीची सूट मिळते ना?" जुनी करप्रणाली निवडली असेल तर फक्त शिकवणी शुल्क, तेही दोन मुलांपर्यंत, विकास निधी आणि देणगी धरता येत नाही, असे मी सांगितले. तोलणाराचा नातू कोणत्या शाळेत जातो, हे मात्र आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हते.