गुरुजींचे मन कोण सांभाळणार?



ऊस विकास विभागाने लागण, बेणे, खोडवा सोडून शाळेवर लिहावे, हे काहींना रुचणार नाही. पण आम्ही गटात फिरतो तेव्हा वाटेत शाळाही लागते, आणि गुरुजी मान खाली घालून माहितीचे तक्ते भरताना दिसले की राहवत नाही.

पाणी, खत वेळेवर पडूनही राखणाऱ्याचे मन नसेल तर प्लॉट कसा दिसतो, हे आपणांस सांगणे न लगे. नवा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढतो. ते मानधन कित्येक वर्षे महिना ६,००० रुपयेच होते. २०२३ साली १६,००० झाले. तरी आमच्या मते पैशापेक्षा माणूस दुसऱ्याच गोष्टींनी खचतो. जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक सोडून इतर कामाला शिक्षक जुंपू नये, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. प्रत्यक्षात फोटो पाठवा, माहिती भरा, पुन्हा भरा. त्यात पारावर बसून आपणच म्हणायचे, "गुरुजीला काय, फुकटचा पगार!" घरात हेच ऐकलेलं पोरगं वर्गात त्यांचं ऐकतंय होय?

ऊसतोड टोळ्यांच्या मुलांचे तर विचारू नका. दिवाळीच्या आसपास बीडकडून पोरे येतात. नाव तिकडच्या पटावर, पोर इकडच्या फडात. कोणाला किती वाचता येते ते गुरुजींनी एकट्याने चाचपायचे, आणि जरा अक्षर लागले की हंगाम संपून टोळी निघाली. एका शाळेतल्या बाई आम्हांला म्हणाल्या, "साहेब, उगवण दिसायला लागते तोवर प्लॉट दुसऱ्याच्या नावावर!" ही खंत पगारवाढीने भरून निघणारी नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊण हिस्सा पालक असतात, म्हणजे आपलेच सभासद. नुसती सही करून उठू नका. पोषण आहाराची चौकशी जरूर करा, पण गुरुजींना काय अडते तेही विचारा. टोळी उतरली की मुलांची नावे, वय व गाव लिहून त्याच आठवड्यात शाळेत पोचवा, असे आम्ही चिटबॉयना सांगितले आहे. आपल्या फडात दहा वर्षांचं पोरगं मोळ्या बांधताना दिसलं तर मुकादमाला जागेवरच बोला. तोडीच्या तारखेसाठी गट ऑफिसात आपण येताच. जाताना शाळेत डोकावून यादी पोचली का तेवढे बघा. नसेल पोचली तर आम्हांला कळवा.