मातीला ओळखणारे पाऊल

जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी व कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर-लाकडाचे पाऊल सिद्ध केले. त्याचा घोटा सर्व अंगांनी वळतो. म्हणूनच उकिडवे बसणे, मांडी घालणे, शेतात अनवाणी चालणे साधते. परदेशी ताठ पावलाला ते जमत नव्हते. आज विजेरीचा घोटा पाऊल उचलताना नैसर्गिक रेटाही देतो. पण डिंडोलीतील खानदेशी यंत्रमाग कामगाराला तो परवडावा कसा? शिवाय रबर झिजते, मांडीवरची खोबण सैल होते. शिबिरांत पाय वाटले जातात. दुरुस्तीसाठी जायचे कोठे? कामगार राज्य विमा योजनेने कामगारवस्तीतच जोडणी-दुरुस्तीची कार्यशाळा उघडावी. पाय देणे पुण्यकर्म असेल. तो चालता ठेवणे हे शासनाचे कर्तव्यच आहे.