वगळा, पण परतीची वाट ठेवा

आमच्या पेठेतल्या कट्ट्यावर दोन विषयांवर एकमत कधीच होत नाही. तांबडा रस्सा सरस की पांढरा, हा पहिला; आणि भारताच्या एकदिवसीय संघात चौथ्या क्रमांकावर कोणी खेळावे, हा दुसरा. पहिल्या वादात निदान दोन्ही वाट्या समोर असतात, चाखून बघता येतात. दुसऱ्या वादात मात्र जो खेळला त्याचेच दिसते. ज्याला घरी बसवले त्याने काय केले असते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून तो वाद संपत नाही.

जानेवारी २०२६ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या मालिकेसाठी संघ जाहीर झाला, तेव्हा कट्टा असाच पेटला होता. आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने ३ डिसेंबर २०२५ रोजी रायपूरला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०५ धावा केल्या होत्या. तो सामना भारत हरला, पण शतक ते शतकच. आणि पुढच्याच मालिकेच्या संघात ऋतुराजचे नाव नाही!

“शतक ठोकल्यालं पोरगं भाईर बसवत्यात व्हय? कसलं सिलेक्शन म्हनायचं हे?” कट्ट्यावरचे एक बुजुर्ग उखडले. त्यांचा कॉलेजात जाणारा पुतण्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “काका, पण श्रेयस अय्यर दुखापतीनं बाहेर होता म्हणून ऋतुराजला ती जागा मिळाली. आता तो बरा होऊन आला. त्याची जागा त्याला द्यायची नाही का?”

पुतण्याचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. अय्यरने २०२३ च्या विश्वचषकात ५३० धावा केल्या होत्या. २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकात भारतातर्फे सर्वाधिक, म्हणजे २४३ धावा त्याच्याच होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिडनीला झेल घेताना त्याला जबर दुखापत झाली. देशासाठी मैदानावर आडवा झालेल्या खेळाडूची जागा तो रुग्णालयात असताना कायमची दुसऱ्याला देऊन टाकायची, याला न्याय कसा म्हणावा? आणि शतक केलेल्याला दुसऱ्या दिवशी विसरायचे, यालाही न्याय कसा म्हणावा? दोन्ही बाजू खऱ्या आणि जागा एकच. निवड समितीची अडचण इथेच असते.

आता ‘फॉर्म’ हा शब्द घेऊ. आपण तो असा वापरतो, की जणू तो तापमापकावर दिसतो. एकदिवसीय सामन्यात तर तो फारच फसवा. सलामीवीराला पन्नास षटके समोर असतात, तर सहाव्या क्रमांकावर येणाऱ्याला कधी बारा चेंडू मिळतात, कधी चार बाद झाल्यावर डोंगर उपसायचा असतो. दोघांना एकाच मापाने मोजणे म्हणजे मापट्याने कापड मोजण्यासारखे आहे.

पुण्याच्या केदार जाधवचे उदाहरण बघा. २०१३-१४ च्या रणजी हंगामात त्याने १२२३ धावा केल्या, महाराष्ट्र अंतिम फेरीत गेला, आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये तो भारतातर्फे पहिला एकदिवसीय सामना खेळला. तेव्हा वय २९. त्या वयात पुष्कळांच्या नावावर फुली पडलेली असते. १५ जानेवारी २०१७ रोजी पुण्यात इंग्लंडविरुद्ध ३५१ धावांचा पाठलाग होता, ४ बाद ६३ अशी दैना होती, आणि या गड्याने ७६ चेंडूंत १२० धावा कुटल्या. हाच केदार ३० जून २०१९ रोजी विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच अखेरच्या षटकांत १३ चेंडूंत नाबाद १२ करून परतला, आपण हरलो, आणि पुढच्या सामन्यात तो संघाबाहेर. ७३ सामन्यांत ४२ ची सरासरी आणि वर २७ बळी, असा त्याचा हिशेब आहे. यातला खरा केदार कोणता? माझ्या मते दोन्ही.

यापेक्षा जुना दाखला हवा असेल, तर सुनील गावसकर यांचाच घ्या. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर ते साठ षटके खेळून नाबाद ३६ वर राहिले. हा माणूस एकदिवसीय सामन्याचा नव्हेच, असे तेव्हा घरोघर म्हटले गेले असेल. त्याच गावसकरांनी ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. मधे बारा वर्षे गेली. ती वाट उघडी राहिली म्हणून नागपूरकरांना ते शतक बघायला मिळाले.

निवड समिती चुकणारच, हे मी गृहीत धरतो. पंधरा जागा आणि पन्नास लायक खेळाडू असतील, तर पस्तीस जणांवर अन्याय ठरलेला आहे. वगळणे हा गुन्हा नव्हे. वगळलेल्याला परत येण्याची वाट ठेवली आहे का, आणि ती त्याला दाखवली आहे का, यावरून मी निवडकर्त्यांची परीक्षा करतो.

२०२५ च्या महिला विश्वचषकाने हे आपल्याला डोळ्यांदेखत शिकवले. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज त्या स्पर्धेत दोनदा शून्यावर बाद झाली. इंग्लंडविरुद्धच्या इंदूरच्या सामन्यात जादा गोलंदाज हवी म्हणून तिला बाहेर बसवले. तो सामना आपण ४ धावांनी हरलो. पण चार दिवसांनी न्यूझीलंडविरुद्ध तिला परत घेतले. तिने नाबाद ७६ केल्या, आणि ३० ऑक्टोबरला उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना नाबाद १२७! शेफाली वर्मा तर मूळ पंधरा जणींत नव्हतीच. वर्षभर ती एकदिवसीय संघाबाहेर होती. प्रतिका रावल जायबंदी झाली आणि शेफालीला बोलावणे आले. २ नोव्हेंबरला नवी मुंबईत अंतिम सामन्यात आमच्या शेजारच्या सांगलीच्या स्मृती मानधनाबरोबर तिने १०४ धावांची सलामी दिली, स्वतः ८७ केल्या, वर दोन बळी घेतले. ‘फॉर्म नाही’ म्हणून या दोघींची दारे कायमची बंद केली असती, तर तो चषक आज कुणाच्या कपाटात असता?

कोल्हापूरकराला हे पटवून द्यावे लागू नये. या मातीत दोन्ही तऱ्हेचे दाखले आहेत. खाशाबा जाधव इथे राजाराम कॉलेजात शिकले. १९५२ च्या ऑलिंपिकसाठी निवड करताना त्यांना डावलले गेले, तेव्हा त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावली गेली. खाशाबांनी ती मारली, हेलसिंकीला गेले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन आले. कुस्तीचे हे बरे आहे. शंका असेल तर पुन्हा जोड लावता येते, निकाल माती देते.

दुसरा दाखला भाऊसाहेब निंबाळकरांचा. डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्रातर्फे काठियावाडविरुद्ध पुण्यात या कोल्हापूरच्या गड्याने नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा नाबाद ४५२ चा विक्रम नऊ धावांवर होता, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांनी पुढे खेळायलाच नकार दिला. त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ भारतात कसोटी मालिका खेळत होता. भाऊसाहेबांना त्या मालिकेत बोलावणे आले नाही, आणि नंतरही कधी आले नाही. २०१२ मध्ये ते गेले, एकही अधिकृत कसोटी न खेळता. त्यांच्यासाठी पुन्हा जोड कुणी लावली नाही.

क्रिकेटमध्ये पुन्हा जोड लावायची जागा म्हणजे देशांतर्गत सामने. ऋतुराजने विजय हजारे करंडकात २०२१-२२ च्या हंगामात पाच सामन्यांत चार शतके ठोकली, तेव्हा ती वाट त्याने स्वतः तुडवली होती. अशा धावांना वजन असलेच पाहिजे. माझे मागणे फार नाही. ज्याला घ्याल त्याला काम नेमून द्या आणि त्या कामावरच जोखा. एका डावावर डोक्यावर घेऊ नका, एका डावावर फेकू नका. आणि वगळाल तेव्हा त्याला बोलावून सांगा, का वगळले आणि परत यायचे तर काय करावे लागेल.

हे शेवटचे मी अनुभवाने सांगतो. ऐन तारुण्यात आमच्या गल्लीच्या संघाची निवड माझ्याकडे असे. लागोपाठ तीन सामन्यांत भोपळा फोडता न आलेल्या एका पोराला मी चौथ्या सामन्यात काढले. निर्णय चुकला असे आजही वाटत नाही. पण त्याला मी काही सांगितले नाही. तो मैदानाच्या कडेला पांढरे कपडे घालून उभा होता आणि मी दुसरीकडे बघत होतो. त्यानंतर तो खेळायला कधीच आला नाही. त्याचा फॉर्म परत आला असता की नाही, कोण जाणे. वाट मात्र मी बंद केली होती.

त्या दिवशी कट्ट्यावरून उठताना बुजुर्ग पुतण्याला म्हणाले, “तुझं बी खरं हाय. पर पोराला कुनी फोन तरी केला आसंल का रं?” त्यावर पुतण्या काही बोलला नाही. मीही नाही.