गिऱ्हाईक दुसऱ्या फेरीला बांधले जाते

पुणे–नाशिक महामार्गाने मंचरहून नारायणगावकडे आणि पुढे आळेफाट्यापर्यंत आलात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचच काच दिसेल. गाड्यांची शोरूम, दवाखाने, पतसंस्था, बँका, कापडाची दुकाने, मंगल कार्यालये. जुन्नरच्या जुन्या पेठांत अजून लाकडी खिडक्या दिसतात, पण नवे घर बांधणारा सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्याच बसवतो. महामार्गाची धूळ, उन्हाळ्यातला फुफाटा आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग या काचांवर साचत राहतात. काच बसवून देणारे कारागीर जागोजागी आहेत. ती पुसण्याचे काम कोणी धंदा म्हणून करत असेल, असे मात्र अजून कोणाच्या डोक्यात येत नाही.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या डोक्यात ते आले. बी.कॉम. झालेला मुलगा. पुण्यात एका इमारतीच्या देखभालीचे काम दोन वर्षे केले, घरी परतला आणि मित्राला सोबत घेऊन खिडक्या साफ करण्याचा धंदा सुरू केला. घरच्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती : ‘‘शिकून हाच उजेड पाडलास का?’’ नातेवाइकांना तर सांगायचीच चोरी. आपल्याकडे काच विकणारा व्यापारी ठरतो, बसवणारा मिस्त्री ठरतो आणि पुसणारा मात्र ‘सफाईवाला’. या शब्दामागे आपली जुनी जातीची उतरंड आहे. तिच्यातून आपले मोहल्लेही सुटलेले नाहीत, हे मान्य करायला हवे.

पण मला इथे लिहायचे आहे ते पुढच्या अडचणीबद्दल. कामाची लाज दोन दिवसांत जाते, गिऱ्हाईक मात्र दोन दिवसांत येत नाही. या दोघांनी रंगीत पत्रके छापली, रील टाकली, ‘उद्घाटन सवलत’ म्हणून निम्मा दर लावला. कामे आली. ज्यांनी बोलावले त्यांनी स्वस्तात काम करून घेतले आणि विसरून गेले. महिनाभराने पुन्हा पाटी कोरी. आपल्या तरुणांचे बहुतेक छोटे धंदे इथेच बंद पडतात, आणि मग ‘आपल्याकडे काही चालत नाही’ असे म्हणून मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटी कामाला लागतो.

माझे मत असे की, धंद्याची सुरुवात पहिल्या कामाने होत नाही. ती दुसऱ्या बोलावण्याने होते. पहिले काम ओळखीने, कुतूहलाने किंवा सवलतीमुळे मिळते. दुसरे काम मिळाले तरच गिऱ्हाईक आले म्हणायचे. मराठीत ‘गिऱ्हाईक बांधणे’ असा शब्दप्रयोग आहे. मला तो फार नेमका वाटतो. ग्राहक मिळतो एका दिवसात, बांधला जातो फेऱ्यांनी.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच मातीतले आहे. मुंबईचे डबेवाले बहुतेक जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ याच भागातून गेलेले. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी सुमारे १०० माणसांना घेऊन हे काम सुरू केले, असे सांगितले जाते. त्यांच्या अचूकपणाची गोष्ट जगभर शिकवली जाते. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. डबेवाल्याची घरे ठरलेली असतात. रोज तोच माणूस, त्याच वेळी, त्याच दारात. घरातल्या बाईला त्याचे नाव माहीत असते. ही गिऱ्हाइके हेच त्याचे भांडवल, म्हणून नव्या माणसाला या धंद्यात यायचे तर पैसे घालून वाटा घ्यावा लागतो. जाहिरातीवर एक पैसा न घालता ही गिऱ्हाइके पिढ्यान्‌पिढ्या टिकली. २०२० साली टाळेबंदीत लोकल थांबल्या तेव्हा हाच धंदा कोलमडला. त्याचे कारण सरळ होते : फेरी तुटली.

इंग्लंडमध्ये खिडक्या पुसणाऱ्यांचा धंदा याच धर्तीवर चालतो. तिथे एकेका माणसाकडे ठरावीक गल्ल्यांतली घरे असतात, आणि चार, सहा किंवा आठ आठवड्यांनी तो न बोलावता फेरी करतो. म्हातारपणी धंदा सोडताना तो आपली शिडी विकत नाही, गिऱ्हाइकांची यादी विकतो. महिन्याची कमाई किती, यावर त्या यादीची किंमत ठरते.

आणि आपल्यासाठी तर हे अजिबात नवे नाही. भांड्यांना कल्हई करणारा, गादीचा कापूस पिंजणारा पिंजारी, अत्तार, तांबोळी, मणियार यांच्या पंचक्रोशीतल्या फेऱ्या ठरलेल्या असत. कोणत्या गावात कधी जायचे, कोणाकडे किती भांडी, कोणाची मुलगी लग्नाची आहे म्हणून गाद्या कधी लागतील, हे त्यांना तोंडपाठ असायचे. पिंजारी मराठ्याच्या अंगणात दिवसभर बसून काम करी आणि दुपारची भाकरी त्याच घरून येई. त्याच्याकडे पत्रक नव्हते. त्याचे नाव हेच त्याचे पत्रक होते. मात्र याच गावाने उलट धडाही दिला आहे. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता आणि तो बनवणारे कागदी मुसलमान होते. गिरणीचा स्वस्त कागद आला, गिऱ्हाईक तिकडे वळले आणि तो धंदा संपला. कसब अंगात असून भागत नाही. गिऱ्हाइकाची गरज कुठे सरकते आहे, तिकडे डोळे लागतात.

मग जुन्नर–आंबेगावात आज ही गरज कुठे आहे? मला चार ठिकाणे दिसतात.

पहिले ठिकाण महामार्गावरची दुकाने आणि दवाखाने. त्यांना काच रोज दिसते, म्हणून आठवड्याला फेरी हवी असते. काम लहान, दर लहान, पण पैसे नियमित. शिडी लागत नाही.

दुसरे, बंद घरे. आपल्या दोन्ही तालुक्यांतले कितीतरी लोक मुंबईत आहेत. गावाकडे त्यांनी चांगले बंगले बांधले, पण ते उघडतात यात्रेला, गणपतीत, मे महिन्यात नाहीतर लग्नाला. घरमालक येतो आणि पहिले दोन दिवस धूळ झाडण्यात घालवतो. यात्रेच्या आठ दिवस आधी खिडक्या, जाळ्या आणि सरकत्या पट्ट्यांतली माती काढून आधीचे आणि नंतरचे फोटो त्याच्या मोबाईलवर पाठवले, तर तो पुढच्या वर्षी स्वतः फोन करील. किल्ली शेजाऱ्याकडे असते. म्हणजे हे काम मिळवायचे तर आधी शेजाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो. शेतातल्या एकट्या बंगल्याचे काम दिवस मावळायच्या आत उरकावे. बिबट्याच्या मुलखात राहणाऱ्यांना याचे कारण सांगायला नको.

तिसरे, लेण्याद्री, ओझर, शिवनेरी, भीमाशंकर इथे येणाऱ्यांसाठी उभी राहिलेली हॉटेले आणि निवासगृहे. त्यांचा हंगाम ठरलेला आहे, त्याच्याआधी फेरी बसवता येते.

चौथे, छतावरचे सौर पॅनेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तिचे लक्ष्य १ कोटी घरांचे आणि घरगुती अनुदान ७८,००० रुपयांपर्यंत. पॅनेलवर धूळ बसली की वीज कमी तयार होते, हे गिऱ्हाईक मीटरवर स्वतः पाहू शकते. पण हे काम शिकून करायचे. सकाळी काच थंड असताना धुवायचे, पॅनेलवर पाय द्यायचा नाही, वायरींना हात लावायचा नाही, आणि क्षाराचे पाणी काचेवर सुकू द्यायचे नाही. नाहीतर धुळीच्या जागी डाग बसतात आणि गिऱ्हाईक जाते.

आता हिशेब पाहू. समजा १०० घरे बांधली आणि प्रत्येक घरी दोन महिन्यांतून एकदा फेरी ठेवली. महिन्याला ५० घरे होतात. २५ दिवस काम धरले तर रोज फक्त २ घरे. घरामागे ४०० रुपये धरले तर २०,००० रुपये. शिवाय २० दुकाने, आठवड्याला १०० रुपये दराने, म्हणजे महिन्याला ८,०००. एकूण २८,००० रुपये. पेट्रोल, साबण, कपडे, वायपरचे रबर यांसाठी ४,००० काढले तरी दोघांना प्रत्येकी १२,००० राहतात. एवढ्यावर संसार चालत नाही, हे मलाही कळते. पण यात दोघांचा जेमतेम अर्धा दिवस जातो. उरलेला वेळ सौर पॅनेल आणि बंद घरांसाठी मोकळा राहतो. मुख्य म्हणजे हा पैसा पुढच्या महिन्यातही येणार असतो. पत्रके वाटून एखाद्या दिवाळीत ३०,००० मिळाले आणि पुढचे चार महिने रिकामे गेले, त्यापेक्षा हे कितीतरी बरे.

१०० घरे सगळ्या तालुक्यात पसरलेली मात्र नकोत. एक घर ओतूरला, दुसरे घोडेगावला असेल तर सगळी कमाई पेट्रोलमध्ये जाईल. एक गल्ली धरावी आणि ती भरेपर्यंत दुसरी धरू नये. निम्मा दर लावू नये, कारण एकदा खाली आलेला दर तोच खरा दर होऊन बसतो. त्यापेक्षा दारात उभे राहून एक तावदान फुकट पुसून दाखवावे. शेजारचे मळके तावदान बाकीचे बोलणे करते. काम झाले की नावाची पावती द्यावी आणि पुढची तारीख तिथेच विचारून वहीत लिहावी. त्या तारखेला पाऊस असो, घरात पाहुणे असोत, निदान फोन जायलाच हवा. आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याचे काम बाहेरून करायचे तर पट्टा आणि प्रशिक्षण असल्याशिवाय हात लावू नये. नाही म्हटल्याने गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्यावे. जीव परत येत नाही.

आता नाजूक गोष्ट. या मुलांनी धंद्याला कोणते नाव द्यावे, यावर घरात वाद झाला. वडीलधारे म्हणाले, ‘‘आपलं नाव नको. इंग्रजी काहीतरी ठेवा. दिवस कसे आहेत ते बघताय ना?’’ त्यांची भीती खोटी नाही. मुसलमानाकडून माल घेऊ नका, काम देऊ नका, असे मोबाईलवर फिरणारे निरोप आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. काही दारे नाव ऐकून बंद होतील, हे धरूनच चालावे. तरीही पावतीवर स्वतःचे नाव आणि नंबर असावा, असे मला वाटते. खिडकी पुसणारा माणूस घराच्या आत येतो. अशा माणसाचे नाव दुसऱ्या भेटीत वेगळे निघाले, तर विश्वास तिथेच संपतो आणि ऐकीव गोष्टींना पुरावा मिळतो. नाव सांगून मिळालेली ४० घरे ही नाव लपवून मिळालेल्या १०० घरांपेक्षा पक्की असतात. आणि एकेचाळिसावे घर निरोप वाचून ठरवत नाही, चाळिसाव्या घराला विचारून ठरवते.

खिडकी पुसणाऱ्याला घरातले सगळे दिसते. कोण आजारी आहे, कपाट कुठे आहे, कोणाचे भांडण चालू आहे. कुरआनातल्या सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घेण्याची आणि नजर खाली ठेवण्याची शिकवण आहे. आपल्या मुलांनी ती मदरशात पाठ केलेली असते. या धंद्यात ती रोज पाळावी लागते. एका घरातली गोष्ट दुसऱ्या घरात गेली नाही, एवढ्या एका गुणावर पिढीभराचे गिऱ्हाईक टिकते. दुपारी बहुतेक घरांत बायकाच असतात. म्हणून वेळ ठरवूनच जावे, जमल्यास घरातल्या किंवा बचत गटातल्या एखाद्या बाईला कामात घ्यावे. अनेक दारे तिच्यामुळे सहज उघडतील.

शेवटचे मोहल्ल्यातल्या मोठ्यांसाठी. आपण अशा मुलांना दोन प्रकारे बुडवतो. एक, ‘काचा पुसतो’ म्हणून हसून. दोन, ‘आपलाच पोरगा आहे’ म्हणून फुकट काम करून घेऊन. त्यांना शाबासकी नको, वर्गणी तर अजिबात नको. त्यांना घरी बोलवा, पूर्ण दर द्या, कोपरा राहिला असेल तर तोंडावर सांगा, आणि काम आवडले तर शेजारच्या पाटलांना, जोशींना, शिंद्यांना त्यांच्या नावासकट त्यांचा नंबर द्या. मग दोन महिन्यांनी पुन्हा बोलवा.