खिडकीतून लोटलेली माणसे

‘डीफेनेस्ट्रेशन’ हा इंग्रजी शब्द एरवी क्वचित भेटणारा, पण राजकीय बातम्यांत मधूनच डोके वर काढतो. पक्षाने नेत्याला हटवले, संचालकांनी मुख्य अधिकाऱ्याला घरी पाठवले, की बातमीदार तो वापरतात. मला हा वापर खटकतो. लॅटिनमध्ये ‘फेनेस्ट्रा’ म्हणजे खिडकी, आणि या शब्दाचा मूळ अर्थ माणसाला खिडकीतून बाहेर फेकणे.

त्याचे नाते प्रागशी आहे. ३० जुलै १४१९ रोजी यान झेलिव्स्की या धर्मोपदेशकाच्या मागून निघालेला हुसपंथीयांचा जमाव नगरभवनात घुसला आणि त्याने नगरसेवकांना खिडक्यांतून खाली टाकले. खाली शस्त्रे घेतलेली माणसे उभीच होती.

गाजली ती २३ मे १६१८ची घटना. आपले धर्मस्वातंत्र्य हिरावले जात आहे या संतापाने बोहेमियाचे प्रोटेस्टंट सरदार प्रागच्या किल्ल्यात शिरले. स्लावाता आणि मार्टिनिट्स हे सम्राटाचे दोन कॅथलिक कारभारी आणि फाब्रिट्सियस हा चिटणीस, तिघांना त्यांनी खिडकीतून लोटले. सुमारे वीस मीटर खाली पडूनही तिघे जगले! मेरीमातेने झेलले, असे कॅथलिक सांगत. खाली उकिरडा होता, असे प्रोटेस्टंट. चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली, तीही ‘होहेनफाल’ म्हणजे ‘उंचावरून पडणे’ या नावाने. पण त्यातून पेटलेले युद्ध तीस वर्षे चालले आणि तलवारीने, भुकेने, रोगराईने लाखो माणसे गेली.

आपला ‘कडेलोट’ याच जातीचा. रायगडाच्या टकमक टोकाशी ज्या शिक्षेची आठवण जोडलेली आहे, तिचे नाव आपण आता सहनशीलतेला लावतो. शब्द वापराने झिजतातच. तरी पद गेलेल्या माणसासाठी ‘गच्छंती’ किंवा ‘उचलबांगडी’ मला जास्त खरे वाटतात. त्यांत कोणाचा जीव जात नाही.

शिवाय या इंग्रजी शब्दात ढकलणारा हात गृहीत आहे. १० मार्च १९४८ला चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री यान मासारिक प्रागच्या चेर्निन राजवाड्यात, स्नानगृहाच्या खिडकीखाली मृतावस्थेत सापडले. कम्युनिस्टांनी सत्ता घेतल्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. सरकारने आत्महत्या म्हटले. पोलिसांनी २०१९मध्ये तपास पुन्हा उघडला आणि २०२१मध्ये निष्कर्षाविना थांबवला. या मृत्यूलाही अनेक जण डीफेनेस्ट्रेशन म्हणतात. तो खुनाचा थेट आरोप आहे.