मेंदूत रक्तस्राव का होतो?

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे आपले चित्र काढून घेण्यासाठी बसले होते. अचानक डोके भयंकर दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, तो होता ३००/१९०! काही तासांतच मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. त्यांचा वाढलेला रक्तदाब डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता. पण तो आटोक्यात ठेवणारी प्रभावी औषधे त्या काळी नव्हती.

डोक्याला मार न लागता मेंदूत होणाऱ्या रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण आजही उच्च रक्तदाब हेच आहे. सततच्या दाबाने मेंदूच्या खोल भागातील बारीक धमन्या कमकुवत होतात आणि एखादी अचानक फुटते. साचलेल्या रक्ताचा दाब आजूबाजूच्या मेंदूवर पडतो. कवटी हाडाची असल्याने हा दाब बाहेर जायला वाट नसते.

इतरही कारणे आहेत. वृद्धांमध्ये अमिलॉइड नावाचे प्रथिन रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचून त्या ठिसूळ होतात. तरुणांमध्ये बरेचदा रक्तवाहिन्यांचे जन्मजात गुंतवळे आढळतात. काहींच्या धमनीला फुगा आलेला असतो. तो फुटला, तर क्षणार्धात असह्य डोकेदुखी सुरू होते. धूम्रपानाने हा धोका वाढतो. अतिमद्यपान आणि कोकेनसारखी व्यसनेही घातक ठरतात. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांनी सांगितलेल्या तपासण्या टाळू नयेत. मात्र औषध स्वतःहून बंदही करू नये.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, उलटी, शुद्ध हरपणे यांपैकी काहीही अचानक झाले, तर कांदा हुंगवत किंवा पाणी पाजत बसू नये. रुग्णाला कुशीवर वळवून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. झटका रक्ताच्या गुठळीने आला की रक्तस्रावाने, हे स्कॅनशिवाय कळत नाही. म्हणून घरच्या घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव असल्यास ती अपाय करू शकते.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत-खुपत नाही. त्यामुळे ‘आता बरे वाटते’ म्हणून अनेकजण गोळ्या सोडून देतात आणि चूक तिथेच होते. रूझवेल्ट यांना मिळू न शकलेली औषधे आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही मिळतात. ती रोज घेणे मात्र आपल्याच हाती आहे.